आठवड्याची वही



जून महिना आला, शाळेचीं दारें उघडलीं, कीं वह्यापुस्तकांच्या दुकानांत पाय ठेवावयास जागा राहत नाहीं. पाठ्यपुस्तकें कोणतीं घ्यावीं हें ठरलेलें असतें. वह्या किती लागतील हें विषयशिक्षक सांगतात. परंतु त्याच दुकानाच्या कांचेच्या कपाटांत अलीकडे एक निराळी वही दिसूं लागली आहे. तिच्यांत धडे उतरावयाचे नसतात, कीं गणितें सोडवावयाचीं नसतात. समोरासमोरच्या दोन पानांवर सात दिवसांचीं घरें आंखलेलीं असतात. दुकानदार तिला ‘वीकली प्लॅनर’ म्हणतो. आपण तिला आठवड्याची वही म्हणूं. वरच्या वर्गांतील मुलें-मुली, आणि कधीं कधीं त्यांचे आईबापही, मला विचारतात, “बाई, यांतली कोणती घ्यावी?” अशा वहीला कांहीं थोडे पैसे पडत नाहींत, तेव्हां प्रश्न योग्यच आहे. त्याचें उत्तर सविस्तर द्यावें, म्हणून हा लेख.

उत्तराचें सार प्रथमच सांगून टाकतें. ही वही मुखपृष्ठ पाहून निवडावयाची नसते; आपला आठवडा आणि आपलें पेन पाहून निवडावयाची असते. पेन कोणतें, हें सर्वांस ठाऊक असतें. आपला आठवडा खरोखर कसा जातो, हें मात्र आपल्यापैकीं फार थोड्यांस ठाऊक असतें.

वही आठवड्याचीच कां, दिवसाची किंवा महिन्याची कां नव्हे? दिवस सूर्यामुळें होतो, महिना चंद्रामुळें. आठवडा मात्र आकाशांत कोठेंही दिसत नाहीं. माणसानें तो पाळला म्हणूनच तो आहे. सहा दिवस काम आणि एक दिवस विश्रांति, ही आज्ञा यहुदी लोकांनीं शतकानुशतकें जपली, आणि ख्रिस्ती मंडळीनें आठवड्याचा पहिला दिवस प्रभूचा दिवस म्हणून मानला. काम आणि विसावा हीं दोन्ही ज्यांत एकदम दिसतात, असें कालाचें सर्वांत लहान माप म्हणजे आठवडा. एक दिवस सगळाच कामाचा असूं शकतो. महिना इतका लांब असतो कीं तो एका नजरेंत मावत नाहीं. महिन्यासाठीं भिंतीवरची दिनदर्शिका पुरेशी आहे. १९७३ सालापासून निघणारें ‘कालनिर्णय’ किंवा त्यासारखें दुसरें एखादें पत्रक आपल्या बहुतेक घरांत असतें, आणि त्यावर दुधाचे खाडे, गॅसची तारीख, लग्नाचीं आमंत्रणें हीं सर्व लिहिलेलीं असतात. महिना असा भिंतीवर राहूं द्यावा. आठवडा हाताशीं असावा.

अशी वही वापरणाऱ्या एका थोर पुरुषाची हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहराचे प्रसिद्ध मुद्रक व पुढें मुत्सद्दी म्हणून गाजलेले बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०) यांनीं आपल्या आत्मचरित्रांत ती दिली आहे. त्यांनीं तेरा सद्गुण निवडले आणि लहानशा वहींत प्रत्येकास एक पान दिलें. पानावर तांबड्या शाईनें सात उभे रकाने आंखले, वाराला एक याप्रमाणें. ज्या दिवशीं जी चूक घडेल, त्या घरांत एक काळा ठिपका. एका आठवड्यांत एकाच गुणाकडे विशेष लक्ष द्यावयाचें, म्हणजे तेरा आठवड्यांत एक फेरी पुरी होई आणि वर्षांत चार फेऱ्या होत. परंतु नव्या फेरीसाठीं जुने ठिपके खरवडतां खरवडतां वहीच्या कागदाला भोकें पडलीं. तेव्हां त्यांनीं तीं कोष्टकें हस्तिदंती पानांच्या टिपणवहींत उतरून घेतलीं. रेघा पक्क्या तांबड्या शाईच्या, ठिपके मात्र शिसपेन्सिलीचे. ओला स्पंज फिरविला कीं ठिपके जात आणि रेघा राहत. ज्यांचा धंदाच कागदाचा आणि शाईचा, त्यांनाही आपली गरज काय आहे हें वापरूनच कळलें. त्यांची गरज लिहून पुसण्याची होती. म्हणून त्यांनीं पान आणि लेखणी हीं दोन्ही बरोबर बदललीं. पान आणि लेखणी यांची निवड वेगवेगळी होऊं शकत नाहीं, हा पहिला धडा.

आतां आपल्या पेनांकडे वळूं. तुमच्या कंपासपेटींत बहुधा तीन जातींचीं पेनें असतात. शाईच्या पेनाची, म्हणजे फाउंटनपेनाची शाई, म्हणजे पाण्यांत विरघळलेला रंग. १९३१ सालीं मुंबईंत दांडेकरांनीं ज्या शाईच्या धंद्यास आरंभ केला व ज्यांतून पुढें ‘कॅमलिन’ उभें राहिलें, त्या धंद्याचा पहिला माल शाईची भुकटी व गोळ्या हाच होता. पाण्यांत कालविली कीं शाई तयार. अशी पातळ शाई कागद चटकन पितो. बॉलपेनाची शाई दाट व तेलकट असते. मूळचे हंगेरीचे लास्लो बिरो यांनीं १९३८ सालीं त्या पेनाचें पेटंट घेतलें. ही शाई कागदांत शिरत नाहीं, परंतु पेन दाबून धरावें लागतें, आणि पातळ पानावर त्याचे वळ पाठीमागें उमटतात. जेलपेनाची शाई पाण्याचीच, पण घट्टसर असते. अक्षर ठळक येतें, परंतु गुळगुळीत कागदावर तें लवकर वाळत नाहीं.

कागदाचें वजन ‘जी. एस. एम.’ या अक्षरांनीं दाखवितात. एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरतो, एवढाच त्याचा अर्थ. शाळेच्या साध्या वह्यांचा कागद साधारणपणें ५४ ते ६० ग्रॅमांचा, आणि झेरॉक्सचा ७० ते ८० ग्रॅमांचा असतो. जाड कागद तितका चांगला, असा पुष्कळांचा समज आहे. तो पुरता खरा नाहीं. ‘तोमोए रिव्हर’ नांवाचा जपानी कागद अवघा ५२ ग्रॅमांचाही मिळतो, तरी त्यावर शाईच्या पेनानें पाठपोट लिहितां येतें. उलट जाडजूड पण भुसभुशीत कागदावर अक्षराला चहूंकडे केस फुटतात. याचें कारण खळ. कपड्याला खळ दिली म्हणजे तो जसा पाणी लवकर पीत नाहीं, तसेंच कागदाचेंही आहे. मात्र ज्या कागदांत शाई शिरत नाहीं, त्यावर ती वाळावयासही वेळ लागतो. आणि तास संपल्याची घंटा होतांच वही मिटणाऱ्या विद्यार्थ्यास हा दोष लहान नव्हे. शिवाय आपल्याकडील पावसाळा आहेच. जून ते सप्टेंबर हवेंतील ओल कागदांत उतरते आणि उन्हाळ्यांत नीट वागणारी शाई श्रावणांत पसरूं लागते. म्हणून वहीची परीक्षा शक्यतों पावसाळ्यांतच घ्यावी.

परीक्षा सोपी आहे. दुकानदार विकाऊ वहीवर लिहूं देणार नाहीं, व तें बरोबरच आहे. पण तीच वही घेतलेला एखादा मित्र वर्गांत असतोच. त्याच्या परवानगीनें शेवटच्या पानावर आपल्या नेहमींच्या पेनानें एक ओळ लिहावी. मनांत दहापर्यंत अंक मोजून तिच्यावरून बोट फिरवावें. डावखुऱ्या मुलांनीं तर ही परीक्षा अवश्य घ्यावी, कारण त्यांचा हात ताज्या अक्षरांवरूनच पुढें सरकतो. मग पान उलटून पाहावें. अक्षराची छाया दिसली तर चालेल. शाईचा ठिपका पार आला असेल तर ती वही त्या पेनासाठीं नव्हे. मात्र तेवढ्यावरून वही टाकावी असें नाहीं. कित्येकदां पेन बदलणें हेंच स्वस्त पडतें. बारीक निबेचें पेन कागदावर थोडी शाई सोडतें, आणि ज्या कागदावर जाड निब पसरते तेथें बारीक निब सुखानें चालते.

दुसरी गोष्ट आंखणीची. बाजारांतील पुष्कळ आठवडा-वह्या इंग्रजी लिहिणारांचा विचार करून आंखलेल्या असतात. त्यांतील दोन रेघांमधील अंतर पांच-सहा मिलिमीटरच असतें. आपल्या बाळबोध लिपीस इतक्यानें भागत नाहीं. शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खालीं उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय. ‘कर्तृत्व’ हा एकच शब्द एकाखालीं एक असा दोन ओळींत लिहून पाहा. वरच्या शब्दाचा ऋकार खालच्या शब्दाच्या रफाराला लागला, तर ती आंखणी मराठीला अपुरी आहे असें समजावें. आठ मिलिमीटरांचें अंतर बरें पडतें. ठिपक्यांची आंखणी असेल आणि ठिपके पांच मिलिमीटरांवर असतील, तर दोन अंतरें मिळून एक ओळ धरावी. ज्यांना इतकी मोठी ओळ परवडत नाहीं, त्यांनीं कोऱ्या घरांची वही घ्यावी.

आकार सांगावयाचा तर ‘ए-५’, म्हणजे १४८ मिलिमीटर रुंद व २१० मिलिमीटर उंच, हा विद्यार्थ्यांस उत्तम. उघडल्यावर दोन पानें मिळून झेरॉक्सच्या एका कागदाएवढी जागा होते आणि मिटल्यावर वही दप्तरांत मावते. याहून लहान वही खिशांत राहते खरी, पण तिच्यांत एका दिवसाचा गृहपाठही मावत नाहीं. याहून मोठी वही टेबलावर राहते. आणि जी वही घरीं राहते ती शाळेंत ऐन वेळीं उपयोगाला येत नाहीं.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मीं शेवटीं ठेवली आहे. ती म्हणजे पानावरची दिवसांची मांडणी. मांडण्या मुख्यतः तीन. पहिलींत दिवस उभ्या रकान्यांत असतात आणि बाजूला तास छापलेले असतात. ज्यांचा प्रत्येक तास निराळ्या माणसासाठीं असतो, अशा डॉक्टरांस किंवा वकिलांस ती सोईची. विद्यार्थ्याचे दिवसाचे सहा-सात तास शाळेच्या वेळापत्रकानें आधींच भरलेले असतात. तेवढा रकाना रोज फुकट जातो. दुसरींत दिवस एकाखालीं एक आडव्या घरांत असतात. गृहपाठ, चाचणी, कोणाला काय द्यावयाचें हें लिहावयास ती चांगली. तिसरींत डाव्या पानावर सातही दिवस आणि उजवें पान सगळें मोकळें असतें. ज्यांचीं कामें वाराला बांधलेलीं नसून ‘या आठवड्यांत केव्हांतरी’ करावयाचीं असतात, त्यांनीं ही घ्यावी. शाळेच्या मुलांना मी बहुधा तिसरी सुचवितें.

परंतु मांडणी कोणतीही असो, एक गोष्ट अगदीं डोळसपणें पाहावी. पुष्कळ वह्यांत सोमवार ते शुक्रवार यांना ऐसपैस घरें असतात, आणि शनिवार-रविवार दोघे मिळून एका घरांत कोंबलेले असतात. आठवडा सोमवारीं सुरू करण्याची रीति आंतरराष्ट्रीय मानकांतही आहे, ‘आय. एस. ओ. ८६०१’ या १९८८ सालीं प्रथम निघालेल्या मानकानें तसें ठरविलें. तिच्याविषयीं माझी तक्रार नाहीं. माझें म्हणणें घराच्या आकाराविषयीं आहे. ज्यानें तें पान आंखलें त्याचा आठवडा कचेरीचा होता. शनिवार-रविवारीं त्याला लिहिण्यासारखें कांहीं नव्हतें. तुमचाही आठवडा तसाच आहे काय?

कांहीं वर्षांपूर्वीं नववीच्या वर्गांतील एका मुलीजवळ अशीच एक सुरेख वही होती. मामानें दिलेली, गुळगुळीत कागदाची. ती मुलगी एकदां मला म्हणाली, “बाई, माझा रविवार कोठें जातो, तेंच कळत नाहीं. सगळ्या आठवड्याचा राहिलेला अभ्यास मी रविवारावर टाकतें, आणि तो होतच नाहीं.” घरच्यांनीं याचें कारण शोधून ठेवलें होतें. मुलगी आळशी आहे. आणि तीही तसेंच मानूं लागली होती. मीं तिला सांगितलें, “ती वही राहूं दे. साध्या वहीच्या दोन पानांवर सात सारखीं घरें आंख, आणि चार आठवडे काय करावयाचें तें न लिहितां काय केलें तें लिही.”

चार आठवड्यांनीं तिनें वही आणली. सोमवार ते शनिवार यांच्या घरांत चार-पांच ओळी होत्या. रविवारचें घर समासापर्यंत भरलें होतें. पहांटे नळाचें पाणी भरणें, आजीची अंघोळ, सगळ्यांचे आठवड्याचे कपडे, गिरणीवरून दळण, बाजार, दुपारचीं भांडीं, धाकट्याचा अभ्यास, संध्याकाळीं पुन्हां पाणी. अक्षर शेवटीं शेवटीं इतकें बारीक झालें होतें कीं मला चष्मा पुसावा लागला. तिचा मोठा भाऊ आमच्याच शाळेंत दहावींत होता. त्यालाही हौस वाटून त्यानें तशीच वही आंखली होती. त्याच्या रविवारच्या घरांत एकच शब्द होता — क्रिकेट.

पालकसभेच्या दिवशीं तिची आई आली, तेव्हां मीं कांहींच बोललें नाहीं. दोन्ही वह्या तेवढ्या तिच्यापुढें उघडून ठेवल्या. त्या माउलीनें दोन्ही पानें नीट वाचलीं. मग माझेंच पेन मागून घेऊन तिनें मुलीच्या वहींतील ‘दळण’ आणि ‘बाजार’ हे शब्द खोडले आणि मुलाच्या वहींत क्रिकेटच्या वर लिहिले. ‘कपडे’ या शब्दापुढें तिनें लिहिलें, ‘बाबा आणि मी.’ उठतांना ती हंसून म्हणाली, “बाई, माझी वही आंखायला घेतली तर तिला समाससुद्धां उरायचा नाहीं.” तें हसणें मला अजून आठवतें.

त्या मुलीला रविवारीं दुपारचे दोन तास मिळूं लागले. तिचा पहिला नंबर आला असें मी सांगत नाहीं, कारण तसें झालें नाहीं. परंतु आपण आळशी आहों, हें तिच्या मनांतून गेलें. आणि गणितांत ती सुखरूप पार पडली. मामाची वही वाईट नव्हती. तिचा कागद उत्तम होता आणि पेनही तिच्यावर सुरेख चालत असे. परंतु त्या मुलीच्या आठवड्यांतील सर्वांत जड दिवस लिहावयास तिच्यांत जागाच नव्हती. आणि जें लिहावयास जागा नसते तें कोणाच्या डोळ्यांसही पडत नाहीं.

म्हणून माझी सूचना अशी कीं आठवड्याची वही विकत घेण्यापूर्वीं ती एकदां स्वतः आंखावी. याला खर्च फार थोडा आहे. जूनच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत सुमारें ४६ आठवडे होतात. आठवड्यास दोन पानें धरलीं तर ९२ पानें लागतात. म्हणजे एका शंभरपानी वहींत शाळेचें वर्ष बसून वर आठ पानें शिल्लक राहतात. त्यांवर परीक्षांच्या तारखा आणि मित्रमैत्रिणींचे वाढदिवस लिहावे. छापील वहीच घ्यावयाची असेल तर तारखा न छापलेली घ्यावी. कारण जानेवारीपासून तारखा छापलेली वही जूनमध्यें घेतली तर निम्मी कोरीच राहते. निदान चार आठवडे हातानें आंखलेल्या पानांवर काढावे. मग कोणतें घर मोठें हवें, कोणतें लहान चालेल, ओळी किती लागतात, हें कोणास विचारावें लागणार नाहीं.

दोन शब्द वही भरण्याविषयीं. घर कांठोकांठ भरूं नये. चौथा हिस्सा तरी मोकळा ठेवावा. पाहुणे, ताप, मुसळधार पाऊस हे सांगून येत नाहींत. त्यांनाही कोठें तरी बसावयास जागा हवी. आणि एका दिवसाचें काम राहिलें तर तें खोडून पुढच्या दिवशीं लिहावें. तेंच काम तिसऱ्यांदा पुढें ढकलावें लागलें तर तें काम मोठें आहे, त्याचे दोन तुकडे करावे.

पालकांस एक विनंति आहे. मुलाची वही पाहावी ती झडतीसाठीं नव्हे. रिकामें घर दिसलें कीं ‘येथें काय केलेंस?’ असें विचारूं नये; रिकामें घर कधीं कधीं त्या पानावरची सर्वांत चांगली वस्तु असते. भरलेल्या घरांकडे मात्र अवश्य पाहावें, आणि त्यांतील कोणतें ओझें मुलाचें व कोणतें आपलें, हें प्रामाणिकपणें ठरवावें. विशेषतः घरांत मुलगा व मुलगी दोघेही शिकत असतील, तर दोघांचीं पानें शेजारीं ठेवून पाहावीं.

स्तोत्रसंहितेंतील नव्वदावें स्तोत्र ही मोशेची प्रार्थना म्हणून नोंदलेली आहे. आपले दिवस मोजण्यास आम्हांला शिकव, असें मागणें तींत आहे. मोजावयाचे म्हणजे नुसते आंकडे घालावयाचे नव्हेत. कोणता दिवस कोणाच्या वाट्यास कसा आला, हेंही पाहावयाचें. त्यासाठीं सात सारख्या घरांचें एक पान, आणि त्यावर न पसरणारी शाई, एवढें साहित्य पुरेसें आहे. येत्या रविवारीं एक फुटपट्टी घेऊन बसा आणि पहिलें पान आंखा. रविवारचें घर मात्र लहान करूं नका.